इत्यादी

रात्री दोन वाजता हेल्तरमाच्या धक्क्यावर
मी, वजनकाटा आणि समुद्र.
समुद्र गोठत आलाय, आवाज करत नाही.
शेवटची फेरी नऊला गेली, पुढची सहाला.
मधले नऊ तास कंपनीने मला दिलेत:
जुनी प्रणाली उतरव, नवी चढव, विर्वे,
आणि सकाळी ट्रकांची वजनं झाली पाहिजेत.

चढवली.
रीबूटनंतर पडदा काळाच राहिला, तेव्हा मी
थर्मासचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.
मग डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली
आणि जीव भांड्यात पडला.
(चहा टेबलावर. तो नंतर पुसला.)

खरं काम इथून पुढे.
युनिक्समध्ये सगळ्या सवयींचं एक घर असतं:
घड्याळ कुणाला विचारून लावायचं,
कुणाला दार उघडायचं, कुणाला बाहेरूनच परत पाठवायचं.
ज्यांनी ते बांधलं त्यांनी नाव ठेवलं 'इत्यादी'.
महत्त्वाचं सगळं दुसरीकडे मांडून झालं,
उरलंसुरलं इथे.
एल्मार मला इथेच भेटला. जिवंतपणी फारसा नाही.

एकेक फाइल समोर येते.
डावीकडे जुनी ओळ, उजवीकडे नवी. कुठली ठेवू?
घड्याळ: उजवी.
कुलपं: उजवी, नवी जास्त शहाणी आहेत.
यंत्रांची नावं: डावी.
एल्मारनं यंत्रांना माशांची नावं दिली होती,
किलू, लेस्त, आंगेर्यास.
आंगेर्यास कधीच भंगारात गेलं,
तरी त्याचा पत्ता राखून ठेवलेला,
न आलेल्या माणसाचं ताट वाढून ठेवावं तसा.

काट्याच्या फाइलीत त्याची टीप:
'ही ओळ काढू नये. काढली तर काटा रुसतो. ए.'
मागच्या हिवाळ्यात मी काढून पाहिली होती.
रुसला.
लाकडानं भरलेल्या ट्रकचं वजन शून्य,
आणि ड्रायव्हर शीळ घालत बोटीवर.
डावी.

साडेतीनला टपालाची फाइल आली.
'मूळ' नावाचा एक धनी असतो प्रत्येक यंत्राला,
त्याच्या नावे यंत्र रोज पहाटे पत्र लिहितं.
ते द्यायचं कुणाला?
उजवीकडे: कोरं.
डावीकडे: मूळ, एल्मार.

म्हणजे दोन हिवाळे
पुहालेपाच्या चर्चमागे मातीत निजलेल्या माणसाला
हा डबा न चुकता कळवत होता
की डिस्क एकसष्ट टक्के भरली,
रात्री दार कुणी ठोठावलं नाही,
खाडीत बर्फ नाही, खाडीत बर्फ नाही,
खाडीत बर्फ दोन सेंटीमीटर.
उघडून पाहिलं. सातशे बारा पत्रं, शेवटचं कालचं.
आणि मी मनाशी म्हणत होते,
किती गुणी यंत्र, तक्रार म्हणून नाही.

डावी की उजवी, पडदा विचारतच राहिला.
तिसरा पर्याय असतो, हाताने लिहायचा.
मूळ: विर्वे.
त्याची ओळ पुसायला बोट नेलं, पुसली नाही.
ओळीआधी एक छोटं कुंपण घातलं,
दोन काड्या उभ्या, दोन आडव्या.
कुंपणापलीकडचं यंत्र वाचत नाही.
वाचेल कुणी माणूस, पुढे कधीतरी,
रात्री दोन वाजता, चहा सांडून.

साडेचारला पहिलं पत्र आलं. मला.
'बर्फ आठ सेंटीमीटर. कुणी ठोठावलं नाही.'
बाहेर रांगेतला पहिला ट्रक दिवे मालवून उभा होता,
आत ड्रायव्हर झोपलेला.
त्याला उठवायच्या आधी मी स्वतः काट्यावर जाऊन उभी राहिले.
बुटांसकट मी बहात्तर.
काटा म्हणाला, ऐंशी.
तो पहिल्यापासून विसाच्या पाढ्यातच बोलतो.
म्हणजे रुसलेला नाही.